छोल्यांचं पाणी

“काका, ओतू नका ते पाणी.”

काशिरामनं कुकर बेसिनवर तिरपा धरला होता. उकडलेले छोले चाळणीत पडले होते आणि उरलेलं पिवळसर, चिकट पाणी सांडायच्या बेतात होतं. अनुयानं लगबगीनं खाली पातेलं धरलं.

“या पान्याचं काय करायचं, बाय?”

“फेटायचं. अंड्यासारखं.”

काशिरामनं तिच्याकडे नीट पाहिलं. अनुया चेष्टा करणाऱ्यातली नव्हती. विमा कंपनीत नोकरी करणारी, एकटी राहणारी, कमी बोलणारी बाई. खांदा कॉलनीतल्या त्याच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली तिचं घर होतं. तिनं ते पाणी मंद आचेवर थोडं आटवलं, फ्रीजमध्ये गार केलं, त्यात लिंबाचे थेंब पिळले आणि बीटर त्याच्या हातात दिला.

सुरुवातीला काहीच झालं नाही. नुसतं खळखळणारं पाणी. मग कडेकडेनं बुडबुडे आले. पाणी पांढुरकं झालं, मग दुधासारखं, मग दाट. अनुया चमच्याचमच्यानं पिठीसाखर घालत होती. बीटरच्या मागे रेघा उठायला लागल्या आणि त्या मिटेनात. तिनं बीटर बंद करायला सांगितलं, भांडं उचललं आणि त्याच्या डोक्यावर उलटं धरलं.

काशिरामनं मान आक्रसून डोळे मिटले. अंगावर काही पडलं नाही. त्यानं एक डोळा उघडून वर पाहिलं. भांडंभर पांढराशुभ्र फेस जागच्या जागी होता.

“सगला जलम फेस बघत आलो,” तो हळूच म्हणाला. “होडीच्या म्होरं फेस, होडीच्या मागं फेस. पन तो राहत नाय. हा कसा राहिला?”

“छोल्यांतलं काहीतरी पाण्यात उतरतं. ते हवा धरून ठेवतं.”

“आनि आमच्या घरात ह्ये पानी मोरीत जातं.”

त्यानं बोटानं थोडा फेस घेऊन जिभेवर ठेवला. चव घेण्याआधीच विचारलं, “यात दूध नाय ना?”

“नाही.”

“अंडं?”

“नाही, काका. तुम्हीच केलंत ना आत्ता.”

हे दोन प्रश्न तो दर वेळी विचारायचा, आणि अनुया दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायची. त्याच्या विचारण्याला काय कारण आहे, ते तिला ठाऊक होतं.

काशिराम उरणजवळच्या मोऱ्याचा. मिसरूड फुटायच्या आधी होडीवर चढला तो गुडघे थकेपर्यंत उतरला नाही. बायको गोदूबाई गेली, तेव्हा होडी पुतण्याच्या हवाली करून तो मुलाकडे खांदा कॉलनीत राहायला आला. मुलगा प्रितेश बंदरात क्रेनवर होता. सून कोमल पनवेलमधल्या एका शाळेच्या ऑफिसात. नात समृद्धी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तिला दूध आणि अंडं चालत नाही, हे त्याला आल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली होती. चालत नाही म्हणजे पचत नसेल, पोट बिघडत असेल, असं तो समजला. गावात अशी कितीतरी पोरं त्यानं पाहिली होती. मोठी झाली की वाटीभर दही ओरपायची.

एका संध्याकाळी देवळात हातावर मिळालेला पेढा तो घरी घेऊन आला. समृद्धी दाराशीच येऊन त्याला बिलगली. त्यानं नखाएवढा तुकडा तोडून तिच्या जिभेवर ठेवला. देवाचा प्रसाद, त्यानं काय होतंय.

पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं. आधी पोरीचे ओठ सुजले. मग डोळे बारीक झाले, अंगभर गांधी उठल्या. छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज यायला लागला आणि मग तो आवाजही कमी होत गेला. कोमलनं तिला उचललं आणि तशीच जिन्यानं पळाली, पायात चप्पलही नव्हती. काशिराम दारात उभा. हातात उरलेला पेढा.

पोर वाचली. घरी आल्यावर प्रितेश बापावर ओरडला आणि मोकळा झाला. ते बरं होतं. कोमल एक शब्दही बोलली नाही. तिनं समृद्धीची ताटली, वाटी, पेला वेगळ्या कप्प्यात नेऊन ठेवले आणि सासऱ्याला पूर्वीसारखंच गरम जेवण वाढत राहिली. त्या दिवसापासून काशिरामनं नातीला आपल्या हातानं घास भरवला नाही. दुधाचा चहा सोडला. ती मांडीवर चढायला आली की आधी उठून तोंड धुऊन यायचा. मिशांत काही अडकलं असेल तर, म्हणून.

अशी दोन वर्षं गेली. मग गणपतीत अनुया बिस्किटांचा डबा घेऊन वर आली. “मी व्हीगन आहे,” ती कोमलला म्हणाली. “माझ्या स्वयंपाकघरात दूध, तूप, अंडं काहीच येत नाही. ही घरी भाजलीत. समृद्धीला चालतील.” कोमलनं हसून डबा घेतला, आभार मानले आणि ती गेल्यावर तो न उघडताच कामवालीला देऊन टाकला. काशिराम सोफ्यावर बसून ऐकत होता. एक वाक्य त्याच्या मनात राहून गेलं. दूध येतच नाही असं स्वयंपाकघर. असं घर कुठं असेल, हे त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो रेलिंग धरत दोन मजले उतरला आणि त्यानं बेल वाजवली.

“मना शिकवशील काय, बाय? नातीसाठी केक करायचाय. तिनं आजून खाल्ला नाय.”

अनुयानं त्याला आत घेतलं. पाणी दिलं. “तुम्ही आधी काय करायचात, काका?”

“मासेमारी. मोऱ्याला.”

ती म्हणाली, “मी मासे खात नाही. ज्याला आई असते, असं काहीच खात नाही मी. आईचं दूधही तिच्या वासराचं असतं, म्हणून तेही नाही.”

काशिरामनं त्यावर विचार केला. त्याला राग आला नाही. “मासलीला पन आई असते, खरं हाय,” तो म्हणाला. “गाबोलीनं, अंड्यानं भरलेली मासली जाल्यात आली की माजापन जीव खालीवर व्हायचा. पन इकायची तर व्हतीच.” मग त्यानं विचारलं, “मग मना शिकवनार नाय तू?”

“रविवारी सकाळी या,” अनुया म्हणाली.

तेव्हापासून तो दर रविवारी खाली जाऊ लागला. घरी रविवारी मासळी व्हायची. समृद्धीला बोंबील फार आवडायचे आणि ते तिला सोसतही होते. पण काशिराम त्या दिवशी मासळी खाईनासा झाला. अनुयानं कधी तसं सांगितलं नव्हतं. तिच्या ओट्यापाशी उभं राहायचं तर स्वच्छ होऊन जावं, असं त्यालाच वाटायचं.

पहिले केक वाईट झाले. एक मधोमध खचला, एक विटेसारखा कडक झाला. तिसऱ्याला सोड्याचा वास मारत होता. अनुयानं ते सगळे न कुरकुरता खाल्ले. हळूहळू त्याच्या हाताला समज आली. मैदा किती कालवायचा आणि कुठं थांबायचं. नारळाचं दूध त्याला शिकवावं लागलं नाही. त्याच्या गोदूबाईचं अर्धं आयुष्य नारळ पिळण्यात गेलं होतं. पण त्याच दुधात चमचाभर व्हिनेगर घातलं की ते फाटल्यासारखं दाटतं आणि मैद्यात गेलं की सोड्याला उकळी आणतं, हे पाहताना तो चाळणी खाली ठेवून वाकून बघत राही.

केक ओव्हनमध्ये गेला की तो स्टूल ओढून काचेसमोर बसायचा. आत दिवा लागलेला असायचा. सपाट पिठाच्या कडा आधी वर यायच्या, मग मधला भाग हळूच घुमटासारखा फुगायचा.

“बाय, येतोय वर.”

“येणारच, काका. दर वेळी येतो.”

“बघ तरी.”

अनुया लॅपटॉप बाजूला ठेवून आली आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसली. इतकी वर्षं ती केक भाजत होती, गजर लावून दुसऱ्या कामाला लागत होती. त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच केक फुगताना शेवटपर्यंत पाहिला.

थंडी सरता सरता एक केक असा झाला की अनुया म्हणाली, “आता पुढचा वर न्यायला हरकत नाही.” त्या पुढच्या केकात काशिरामनं एक गोष्ट स्वतःच्या मनानं घातली. समृद्धीला काळे ठिपके आवडतील म्हणून त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून चॉकलेटचे बारीक दाणे आणले होते. दुकानदाराला विचारलं होतं, “यात दूध नाय ना?” दुकानदार म्हणाला होता, “नाही हो, डार्क आहे.” अनुया आतल्या खोलीत ऑफिसच्या फोनवर होती. दाणे कालवले गेले तेव्हा तिला दिसलं नाही, आणि केक निघाल्यावर तो तिला न दाखवताच वर घेऊन गेला.

कोमल ओट्यापाशी भाजी चिरत होती. त्यानं केक तिच्यासमोर ठेवला. तिनं सुरी खाली ठेवली, केककडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“हे काळं काय आहे, बाबा?”

“चॉकलेट. बिनदुधाचं. इचारून आनलंय.”

“पाकीट आहे?”

त्यानं खिशातून दुमडलेलं पाकीट काढून दिलं. कोमलनं ते उलगडलं आणि मागच्या बाजूची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं खिडकीच्या उजेडात धरून वाचली. मग तिनं केक उचलला, दोन पिशव्यांत गुंडाळला आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. ओटा साबणानं घासला. सुरी धुतली, चिरलेली भाजीसुद्धा टाकून दिली. सगळं झाल्यावर ती खुर्चीवर बसली.

“मिल्क सॉलिड्स लिहिलंय,” ती म्हणाली. “तिसऱ्या ओळीत.”

काशिराम उभाच होता. “मना इंग्रजी येत नाय, कोमल.”

“माहितीये.” तिनं ओले हात पुसले. “त्या दिवशी मी तुम्हाला काही बोलले नाही, बाबा. बोलायला लागले असते तर थांबले नसते. रिक्षात ती माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, आता डोळे मिटेल. मी रिक्षावाल्याला शिव्या देत होते. त्या बिचाऱ्याची काय चूक होती.”

“आता बोल मना. मी ऐकतंव.”

“आता नको.” तिनं डोळे पुसले. “आता तुम्ही वाचायला शिका.”

समृद्धीनं शिकवलं. ती मोठ्या केजीत होती आणि तिला सगळी अक्षरं येत होती. जेवणाच्या टेबलावर पाटी घेऊन ती आजोबांसमोर बसायची. “आजा, हा एम. दोन डोंगर. हा आय, सरळ काठी. हा एल, काठीला पाय. हा के, तो लाथ मारतोय.” काशिराम गिरवायचा. चार अक्षरं ओळखीची झाली तेव्हा कोमलनं पुढचे शब्द दिले. बटर. घी. क्रीम. व्हे. केसीन.

“ह्ये सगलं दूधच?”

“सगळं दूधच, बाबा.”

“देवाला पन एवडी नावं नसतील.”

चष्मा लावून तो दुकानात जायचा आणि एकेक पाकीट उलटं करून बघायचा. एल शोधायचा, मग त्याच्या आजूबाजूला बघायचा. पावात दूध होतं. साध्या बिस्किटात होतं. नूडल्सच्या मसाल्यात होतं, वेफर्सच्या पुडीत होतं. जिथं कुणाच्या मनातही येणार नाही, तिथं ते लपून बसलेलं होतं. एकदा दोन मांडण्यांच्या मधल्या बोळात पाकीट हातात धरून तो तसाच उभा राहिला. समुद्रात खडक कुठं आहेत, हे त्याला त्याच्या बापानं दाखवलं होतं, बापाला आजानं. कोमलला कुणी दाखवलं होतं? नोकरी, घर, स्वयंपाक करता करता, शाळेच्या डब्यापासून शेजारच्या बारशापर्यंत, ती एकटी रोज हे सगळं वाचत होती. एकही दिवस न चुकता. आणि घरात तिनं कधी आवाज चढवला नव्हता. काशिराम त्या दिवशी घरी आला आणि भांडी घासत असलेल्या सुनेकडे नुसता बघत राहिला.

“काय झालं, बाबा?”

“काय नाय,” तो म्हणाला आणि घासलेली भांडी पुसायला घेतली.

समृद्धीच्या सहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कोमल स्वतः खाली अनुयाच्या घरी आली. तिनं मैद्याचं पाकीट वाचलं, साखरेचं वाचलं, व्हॅनिलाची बाटली वाचली. ओव्हनची जाळी बाहेर काढून बघितली. अनुयानं तिला सगळी कपाटं उघडून दाखवली. मग कोमल भिंतीला टेकून उभी राहिली आणि काशिराम कामाला लागला. त्यानं छोल्यांचं पाणी फेटायला घेतलं. खळखळणारं पाणी पांढरं झालं, दाटलं, त्याच्या रेघा उभ्या राहिल्या. कोमल दोन पावलं पुढं आली.

“हे खरंच नुसतं पाणी आहे?”

“छोल्याचं,” काशिराम म्हणाला. “आपल्याच घरातल्या.”

तो फेस त्यानं मिश्रणात अलगद, एकाच दिशेनं कालवला. केक ओव्हनमध्ये गेला. या वेळी काचेसमोर तिघं होती.

वाढदिवसाला बाहेरचं कुणी बोलावलं नव्हतं. प्रितेशनं रजा घेतली होती. अनुया अंगावर नवी ओढणी घेऊन वर आली होती. टेबलावर केक होता, वरून नारळाच्या घट्ट सायीचा थर आणि मेणबत्त्या. कोमल खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवर होती, चेन उघडी. त्या पर्समध्ये पोरीला पुन्हा तसं झालं तर लगेच द्यायचं इंजेक्शन असायचं आणि ती घरातही ते दूर ठेवत नसे.

समृद्धीनं मेणबत्त्या विझवल्या. सगळ्यांनी गाणं म्हटलं. प्रितेशनं तिचा हात धरून केक कापला. आणि कापून झाल्याबरोबर ती खुर्चीवरून उतरली, सोफ्यावरचा आपला छोटा डबा उचलला आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

कुणाला क्षणभर कळलं नाही. मग कोमलला कळलं. बिल्डिंगमधल्या, वर्गातल्या प्रत्येक वाढदिवसाला समृद्धी अशीच उभी राहायची. केकपासून लांब, डबा हातात घेऊन, टाळ्या वाजवत. आईनं तिला तसंच शिकवलं होतं, आणि ती कधी हट्ट न करता तसंच वागत आली होती.

“समू, ये इकडे,” कोमल म्हणाली.

“तुमी खा,” समृद्धी म्हणाली. “मी चिवडा खाते.”

“हा तुझा आहे. यात काही नाही.”

समृद्धीनं मान हलवली. “केकमध्ये असतं.”

कोमल उठली. पर्स तिनं काखेला लावली. केकचा तुकडा समृद्धीच्या त्या वेगळ्या ताटलीत काढला आणि ती ताटली काशिरामच्या हातात दिली.

“तुम्ही द्या, बाबा.”

काशिराम भिंतीपर्यंत गेला आणि गुडघे दुखत असतानाही तिच्यासमोर खाली बसला. “मी केलाय,” तो म्हणाला. “वाचून केलाय. एम नाय, आय नाय, एल नाय.”

“के?”

“के पन नाय.”

समृद्धीनं आईकडे बघितलं. आईनं मान डोलावली. मग तिनं एक बोट सायीच्या थरात बुडवलं आणि जिभेला लावलं. तशीच थांबली. तिच्याबरोबर सगळं घर थांबलं. कोमल तिच्या ओठांकडे बघत होती, प्रितेश गळ्याकडे. काशिराम तिचा श्वास ऐकत होता. श्वास येत होता, जात होता, नेहमीसारखा.

तिनं तुकडा मोडून तोंडात टाकला. चावला. भुवया वर गेल्या. मग ती ताटली घेऊन टेबलाखाली गेली, सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि दोन्ही हातांनी खाऊ लागली.

कोमल खुर्चीवर बसली आणि बऱ्याच वेळानं तिनं पर्सची चेन लावली. अनुया खिडकीबाहेर बघत होती. प्रितेशनं उरलेला केक कापायला घेतला, मग सुरी ठेवून दिली. पहिला वाटा तिचा संपू दे, असं तो म्हणाला.

काशिराम फरशीवरून उठला नाही. टेबलाखालून त्याला नातीची पाठ दिसत होती, हलणारे खांदे, सायीनं माखलेला कोपर. एकदा तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तोंड भरलेलं होतं, गालाला चुरा लागला होता. एरवी चिवड्यातला पहिला शेंगदाणा आजोबांच्या हातावर ठेवणारी ती पोर, त्याला देऊ का, असं विचारायचंही विसरली. परत वळली आणि खात राहिली.

तो बघत राहिला.